विमान उतरेपर्यंत केर नाही

जानोरीतल्या बायका सकाळी उठतात, घर झाडतात, अंगणात सडा टाकतात आणि मग चहा ठेवतात. लताबाई सकाळी उठतात आणि आधी मोबाईल बघतात. विमान जमिनीवर असलं तर त्या झाडू हातात घेतात. विमान हवेत असलं तर झाडू दाराआड तसाच उभा राहतो, घर पारोसं राहतं आणि लताबाईंचे यजमान पुंजाजी पाय वर घेऊन खाटेवर बसतात.

"अगं, त्या शेठला म्हणावं, जरा दुपारचं उडत जा," ते कुरकुरतात. "तुमच्या विमानापायी आमच्या घरात धूळ."

"उतरेल आता. पंधरा मिनिटं ऱ्हायली," लताबाई मोबाईलवरून डोळे न काढता सांगतात.

माणूस प्रवासाला निघाला की त्याच्या पाठोपाठ केर काढायचा नाही, हे आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे. माणूस वेशीबाहेर गेला की बाकीच्या घरांत हा नियम संपतो. लताबाईंच्या आईने तो ताणून थेट 'पोहोचेपर्यंत' नेऊन ठेवला होता. माणूस मुक्कामी पोहोचल्याचा निरोप आल्याशिवाय तिच्या घरात झाडू हलत नसे. आई गेली, पण नियम काही तिच्याबरोबर गेला नाही. तो लताबाईंच्या वाट्याला आला. आणि लताबाईंच्या नशिबाने त्यांचा धाकटा भाऊ असा निघाला, की तो आठवड्यातून चार वेळा प्रवासालाच.

भावाचं नाव रविराज. मुंबईच्या एका शेठचं स्वतःचं छोटं विमान होतं, पांढरंशुभ्र, शेपटीवर निळी रेघ असलेलं. रवी त्या विमानाचा इंजिनिअर. विमान चालवणारे वेगळे. पण विमान जिथे जाईल तिथे रवीने बरोबर जायचं, उतरल्यावर ते तपासायचं, उडायच्या आधी पुन्हा तपासायचं. शेठ कामं उरकून येईपर्यंत विमानापाशी थांबायचं. लताबाईंच्या भाषेत सांगायचं तर शेठ विमानाचा मालक आणि रवी विमानाची आई. शेठला विमानाचं काय दुखतंय ते थोडंच कळणार!

आता हे सगळं जानोरीत बसून लताबाईंना कसं कळायचं, तर त्याला त्यांचं माहेर कारण आहे. माहेर लांब नाही, इथलंच, ओझर. वडील तिथल्या विमान कारखान्याच्या कँटीनमध्ये होते. त्या काळी ओझरच्या डोक्यावरून लढाऊ विमान गेलं की खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि फळीवरची भांडी एकमेकांवर आपटायची. बोलणाऱ्याचं बोलणं जागच्या जागी थांबायचं. शाळेत गुरुजी पाढ्याच्या मध्येच गप्प होत. विमान गेलं की जिथे थांबले होते तिथूनच पुढे सुरू. भांडणंसुद्धा अशीच व्हायची. दोन बायका नळावर तावातावाने भांडताहेत, वरून विमान आलं, दोघी कंबरेवर हात ठेवून उभ्या, विमान गेलं की पुन्हा त्याच शिवीपासून पुढे. लताबाईंना अजूनही बोलता बोलता मध्येच थांबायची सवय आहे. जानोरीच्या लोकांना वाटतं, बाई विचार करून बोलते.

रवी त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. आई पहाटेपासून पापड-कुरडयांच्या कामाला जुंपलेली, म्हणून रवी लताबाईंच्या कडेवर वाढला. एका बाजूला पोर आणि दुसऱ्या हातात पाटी, अशा त्या फिरत. पोरगं भलतं रडकं होतं. पण विमानाचा आवाज आला की रडणं गप. तोंड उघडं, मान वर, लाळ लताबाईंच्या खांद्यावर. थोडा मोठा झाल्यावर तो विचारायचा, "ताई, ते कुठं चाललं?"

"कुठं नाय रे. परत इथंच येतंय."

आणि खरंच यायचं. कारखान्यातली विमानं चाचणीसाठी उडायची आणि फेरी मारून ओझरलाच उतरायची. त्यामुळे विमान म्हणजे गेलं तरी परत आपल्याच दारी येणारी वस्तू, अशी त्या दोघांची पक्की समजूत होती. ते दिवस लताबाईंना अजून डोळ्यांसमोर दिसतात. उन्हाने तापलेल्या पत्र्यावर वाळणाऱ्या कुरडया, त्यांच्यापाशी राखणीला बसलेली दोन पोरं, कुरडईचा ओला चीक चाटून चिकट झालेली बोटं आणि वरती आवाज. तेव्हा काय कमी होतं असं कुणी विचारलं तर खूप काही कमी होतं. पण त्यांना आजही तिथे नेऊन बसवलं तर त्या उठायच्या नाहीत.

पुढे लताबाई लग्न होऊन जानोरीला आल्या आणि रवी विमान दुरुस्तीचं शिकायला मुंबईला गेला. तेव्हापासून 'पोहोचलो' या शब्दाला महत्त्व आलं. आधी पोस्टकार्ड यायचं, त्यात एकच ओळ, 'सुखरूप पोहोचलो, काळजी नसावी.' कार्ड यायला चार-पाच दिवस लागत आणि तेवढे दिवस आई ओझरला पारोशा घरात बसून राही. शेवटी वडिलांनी एसटीच्या एका ओळखीच्या ड्रायव्हरला गाठलं. तो मुंबईहून परत आला की घराच्या वळणावर हॉर्न वाजवायचा, म्हणजे पोरगा पोहोचला. मग मोबाईल आले आणि मिस्ड कॉलचा जमाना आला. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे तू कर फोन. एका रिंगमध्ये सगळं कळायचं. फोन उचलायचा नाही, नुसता बघायचा आणि झाडू घ्यायचा. आता कोण कुणाला मिस्ड कॉल देतो? सगळं फुकट झालं आणि निरोपाची मजा गेली, असं लताबाईंचं मत आहे.

रवीने मात्र रिवाज सोडला नाही. विमानाच्या नोकरीला लागल्यावरही विमान उतरलं की त्याचा मेसेज ठरलेला, 'पोहोचलो ताई.' आणि लताबाईंचं उत्तर ठरलेलं, 'बरं.' विमान जमिनीला टेकलं तरी तो लगेच लिहायचा नाही. "चाकं थांबल्याशिवाय पोहोचलो म्हणायचं नसतं, ताई," तो सांगायचा. या बाबतीत तो आईवरच गेला होता.

मोबाईलवर विमान बघायला शिकवलं ते ओझरच्या शेखरने. शेखरचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. लताबाईंच्या विहिरीची मोटार जळली तेव्हा त्या दुकानात बसल्या होत्या आणि शेखर एका डोळ्याने मोटार व दुसऱ्याने मोबाईल बघत होता. मोबाईलवर नकाशा आणि नकाशावर मुंग्यांसारखी विमानं. शेखरने सांगितलं, की उडणारं विमान आपण कुठे आहोत, किती उंचावर आहोत हे सारखं हवेत सांगत असतं. ते ऐकायला हौशी लोकांनी आपापल्या गच्चीवर अँटेना लावलेत. सगळ्यांनी ऐकलेलं एकत्र केलं की हा नकाशा होतो. ओझरवरची विमानं खाली यायला लागली की ती ऐकतो शेखरच्या गच्चीवरचा अँटेना. "म्हणजे ओझरचा कान मी," शेखर म्हणाला.

"माझ्या भावाचं विमान दिसंल का यात?"

"शेपटीवरचा नंबर सांगा."

नंबर तर लताबाईंना तोंडपाठ. विमान दिसलं. पिवळं, एवढंसं, अहमदाबादच्या वाटेवर. त्यांनी त्याला हळूच बोट लावलं. त्या दिवसापासून त्यांची बाकीची करमणूक बंद झाली. शेखरने त्यांना विमानं बघणाऱ्या हौशी लोकांच्या ग्रुपमध्येही घातलं. तिथे जोधपूरचा एक मास्तर होता, पुण्याचा एक निवृत्त बँकवाला, केरळची दोन पोरं. कुणाचं विमान कुठे गेलं, कोणतं नवीन आलं, अशा गप्पा चालत. 'ओझरला ढग आहेत' एवढं जरी लताबाईंनी लिहिलं तरी लोक अंगठा दाखवत. जन्मात पहिल्यांदा पुंजाजी सोडून दुसरं कुणी त्यांचं ऐकत होतं, मग काय विचारता!

गेल्या फाल्गुनात त्यांनी तिथे एक लांबलचक मेसेज टाकला होता. 'हे पांढरे छोटे विमान कोणाचे, हे कोणाला माहीत नाही. मला माहीत आहे. आमच्या रवीच्या शेठचे आहे. रवी त्यात इंजिनिअर आहे. या आठवड्यात तिसऱ्यांदा राजकोटला गेले. सुखरूप उतरले.' खाली शेठचं नावही घातलं होतं. टाळ्यांचा पाऊस पडला. पुढच्याच आठवड्यात एका पेपरात बातमी आली, की हे शेठ राजकोटचा पाइपांचा कारखाना गुपचूप विकत घ्यायच्या खटपटीत आहेत. लताबाईंनी बातमी शेखरला नेऊन दाखवली. "बघ," त्या म्हणाल्या, "पेपरवाल्यांच्या आधी आपल्याला ठाव होतं."

शेखर हसला होता. नंतर त्याने ग्रुपवरचा तो मेसेज पुन्हा उघडून बघितला होता. पण लताबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

गुढीपाडव्यानंतर रवीचं येणं थांबलं. आधी कसं होतं, शेठचं नाशकात काम असलं की विमान ओझरला उतरायचं. शेठ गाडीने शहरात गेले की रवी तपासणी उरकून मोटारसायकल मागून घेऊन जानोरी गाठायचा. शेंगदाण्याचं झिरकं आणि बाजरीची भाकरी खायचा, बहिणीच्या उशीवर अर्धा तास घोरायचा आणि परत जायचा. आता विमान ओझरला फिरकलंच नाही. शेठला नाशकात काम नसेल, यात रवीचा काय दोष? पण राखीला तरी यावं ना माणसाने. राखीच्या दिवशी लताबाईंनी सकाळी मोबाईल बघितला तर विमान निघालेलं, बेंगळुरूच्या वाटेवर. 'ताई, ड्युटी आहे, वाईट वाटून घेऊ नको,' असा मेसेज. थोड्या वेळाने 'पोहोचलो ताई.' लताबाईंनी 'बरं' लिहिलं, केर काढला आणि राखी देव्हाऱ्यात ठेवून दिली.

फोन केला तर तो उचलायचा नाही. उचलला तर घाईत, तुटक. भावजय पूजाही 'ते बाहेर आहेत' एवढंच म्हणायची. समोरच्या घरातल्या सुलाबाईची जीभ तर जन्मजात तिखट. "काय गं लताबाई, भाऊ विमानात बसला आन् बहीण खाली ऱ्हायली जणू?" तिने एकदा सगळ्यांदेखत विचारलं. लताबाईंनी हसून वेळ मारून नेली. घरी येऊन मात्र पदर तोंडाला लावून रडल्या. कडेवर वाढवलेलं पोर आपल्याला विसरलं, हे दुःख असं होतं की ते पुंजाजींनाही सांगता येत नव्हतं. विमानाचं ते पिवळं चित्र तेवढं हाताशी होतं. रवी बोलत नाही तर नाही, निदान तो कुठे आहे हे तर कळतंय, असं म्हणत त्या रोज त्या चित्रामागे देशभर हिंडत राहिल्या.

दिवाळी आठ दिवसांवर आली. शनिवारी सकाळी रवीचा मेसेज आला. 'ताई, आज विमान ओझरला येतंय. पण शेठ लगेच पुढे जाणार. मला गेटच्या बाहेर येता येणार नाही. रागावू नको.'

लताबाईंनी तो तीनदा वाचला. ओझर ते जानोरी अंतर किती, तर हाक मारली तर ऐकू येईल एवढं. तेवढंही त्याला जमू नये? त्यांना राग आला, रडू आलं आणि तरीही हात आपोआप शेंगदाणे भाजायला लागले. एखाद वेळेस शेठला उशीर होईल, एखाद वेळेस रवीचं मन बदलेल. झिरकं उकळलं, भाकऱ्या झाल्या. मग त्यांनी ठरवलं, की तो येत नसेल तर आपण त्याला बघायचं. सुलाबाईच्या दुमजली घराच्या गच्चीवरून विमान उतरताना दिसतं. सुलाबाईने डिवचलंय ना, मग तिच्याच गच्चीवरून तिला दाखवायचं.

"सुलाबाई, चल गं वर," त्यांनी रस्त्यावरूनच हाक दिली. "आज माझ्या भावाचं विमान येतंय."

सुलाबाई आली, शेजारची कुसाबाई आली. गच्चीवर मसाल्याच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्या बाजूला सारून तिघी कठड्याशी उभ्या राहिल्या. चारी बाजूंना द्राक्षाच्या बागा, त्यापलीकडे धावपट्टीचा पांढरा पट्टा. लताबाई मोबाईलवर नकाशा दाखवत होत्या. "हे बघ, कसारा सुटला. आता वळंल. आता खाली यायला लागलं."

एवढ्यात गल्लीतली पिठाची गिरणी घरघरत बंद पडली. लाइट गेली होती. शनिवारी जातेच. मोबाईलवरचं पिवळं विमान होतं तिथेच थबकलं, थोडा वेळ तसंच राहिलं आणि मग दिसेनासं झालं.

"गेलं की गं!" कुसाबाई घाबरली.

"कुठं जात नाय," लताबाई हसल्या. "ओझरची पण लाइट गेली असणार. शेखरचा अँटेना बंद पडला. ते बघ वरती."

वरती खरंच ते होतं. पांढरं, नेटकं, उन्हात चकचकणारं. पण उतरेना. कारखान्याचं लढाऊ विमान चाचणीसाठी निघालं होतं, त्याच्या आवाजाने गच्ची हादरली आणि तिघी सवयीने बोलायच्या थांबल्या. ते उडून जाईपर्यंत बाकीच्यांनी वरच थांबायचं, अशी इथली रीत आहे. पांढऱ्या विमानाने जानोरीवर एक घिरटी घातली, मग दुसरी. शेपटीवरची निळी रेघ साध्या डोळ्यांना दिसत होती. लताबाईंनी दोन्ही हात वर करून हलवले. सुलाबाईनेही हलवले, आणि तेही मनापासून.

तेव्हाच लताबाईंच्या मुठीतला मोबाईल थरथरला.

'पोहोचलो ताई.'

सवयीने अंगठा 'बरं' लिहायला गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी वर बघितलं. विमान डोक्यावर होतं. त्यांनी पुन्हा मेसेज बघितला. चाकं थांबल्याशिवाय जन्मात कधी 'पोहोचलो' न म्हणणारा रवी, आणि इथे तर चाकं अजून हवेत. घाईत आधीच लिहिलं असेल? छे. घाई असली तर तो उशिरा लिहील, आधी लिहिणार नाही. मग त्यांच्या मनात आलं, की मेसेज आला कधी, तर नकाशावरचं विमान पुसल्यावर. ओझरजवळ येऊन चित्र पुसलं गेलं, म्हणजे उतरलं, असं कुणाला वाटेल? विमानात बसलेल्याला नाही. त्याला खिडकीतून जमीन दिसते. लांब कुठेतरी बसून मोबाईलकडे बघणाऱ्याला वाटेल. ओझरची लाइट गेलीय हे ज्याला माहीत नाही, त्याला.

रवी विमानात नव्हता. रवीही त्यांच्यासारखाच ते पिवळं चित्र बघत बसला होता.

लताबाई कठड्याच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि त्यांनी फोन लावला. या वेळी तो लगेच उचलला गेला.

"उतरलास का रे?"

"हो ताई, आत्ताच. आता शेठ निघायची घाई करताहेत, मी नंतर..."

"रवी, विमान अजून माझ्या डोक्यावर हाय."

 पलीकडून एक बाई मंजुळ, यांत्रिक आवाजात हिंदीत म्हणाली, 'कृपया दरवाजा बंद करें.'

"ही कोण बोलतीय?" लताबाईंनी विचारलं.

"लिफ्ट," रवी म्हणाला. "लिफ्ट बोलतीय, ताई. मी मुलुंडला हाय. लिफ्ट दुरुस्त करतो मी आता."

"कवापासनं?"

"पाडव्याच्या आधीच सुटली ती नोकरी."

पाडव्याच्या आधी म्हणजे फाल्गुन. लताबाईंना तो लांबलचक मेसेज आठवला. शेठचं नाव, रवीचं नाव, राजकोट, त्या टाळ्या. आणि पुढच्याच आठवड्यात पेपरात आलेली ती बातमी.

"माझ्यामुळं?"

"नाय गं. माणसं कमी केली त्यांनी," तो इतक्या झटकन म्हणाला, की लताबाईंना जे कळायचं ते कळलं. हे पोर खोटं बोलताना लहानपणापासून असंच झटकन बोलायचं.

"माझ्यामुळंच," त्या म्हणाल्या. "आन् तू मला एक शब्द बोलला नाहीस. आठ महिने मी तुला शिव्या घालतीय, विसरला म्हणून. आन् तू तिकडं बसून विमान बघतोयस, मला पोहोचलो म्हणायला?"

"पहिल्या दिवशी सवयीनं बघितलं गं, कुठं हाय ते. उतरलेलं दिसलं. म्हटलं, तू केर न काढता बसली असशील, म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी खरं सांगणार होतो, जमलं नाय. सांगितलं असतं तर तू नोकरी का सुटली म्हणून विचारलं असतंस. आज ते ओझरला येणार हे पायलटनं कळवलं, तेव्हा तू गेटवर येशील म्हणून सकाळीच घाईचं निमित्त लिहिलं." लिफ्टचं दार सरकल्याचा आवाज आला. "आन् अजून एक सांगू? मला बरं वाटायचं. इथं मी मुलुंडला पोहोचलो काय आन् ठाण्याला पोहोचलो काय, कळवायचं कुणाला? पूजाला माहीतच असतंय. 'पोहोचलो' लिहिलं की तुझं 'बरं' यायचं. तेवढंच पाहिजे होतं. ते बंद होईल म्हणून भ्यालो."

लताबाईंना रडू आवरेना. लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. ज्याच्यावर आठ महिने मनातल्या मनात रुसल्या, तो आठ महिने त्यांच्यासाठी परक्याच्या विमानावर पहारा करत होता. त्यांना स्वतःचा राग आला, शेठचा राग आला आणि रवीची इतकी माया दाटून आली, की तो समोर असता तर आधी एक थोबाडीत मारून मग त्यांनी त्याला जवळ घेतलं असतं.

"काम कसं हाय?" शेवटी त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"बरं हाय. तेच की, मशीन तपासायचं, आतल्या माणसाला सुखरूप खाली आणायचं. उंची तेवढी कमी झाली." तो हसला. "आज सकाळी एक आजी अडकल्या होत्या, दोन मजल्यांच्या मधे. घाबरून पार पांढऱ्या पडल्या होत्या. त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. दहा वेळा आशीर्वाद दिला त्यांनी. शेठनं कधी आशीर्वाद दिला नव्हता."

"भाऊबीजेला यायचं."

"ताई, लोक विचारतील..."

"यायचं म्हणजे यायचं. पूजाला पण आण."

"येतो," रवी म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "तिथं बायका हायेत का जवळ? त्यांना काय सांगू नको. सांग, रवी होता विमानात, पण घाई होती. मी सांभाळून घेईन. दर वेळी कळवत जाईन पहिल्यासारखं."

लताबाईंनी फोन ठेवला आणि पदराने तोंड स्वच्छ पुसलं.

पांढरं विमान एव्हाना द्राक्षबागांच्या पलीकडे धावपट्टीवर टेकलं होतं. सुलाबाई आणि कुसाबाई हात कपाळावर धरून बघत होत्या.

"उतरलं गं!" सुलाबाई म्हणाली. "काय म्हणतो भाऊ? येतोय का जेवायला?"

घाई हाय त्याला, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सुलाबाईने मान हलवली असती, एखादा टोमणा मारला असता आणि गावात लताबाईंचा भाऊ विमानात तो विमानातच राहिला असता. रवीनेच तशी सोय करून दिली होती. लताबाई बोलायला गेल्या आणि मध्येच थांबल्या. वरती तर कुठलंच विमान नव्हतं.

"त्यात नाय तो," त्या म्हणाल्या. "रवीनं ते काम सोडलंय. माझ्या चुकीनं सुटलं, त्याचा काय दोष नाय त्यात. आता मुलुंडला लिफ्ट दुरुस्त करतो. आज सकाळी एक म्हातारी मधेच अडकली होती, तिला हाताला धरून सुखरूप बाहेर काढलं त्यानं."

विमान कुठल्या शहराला गेलं ते त्या ज्या तोऱ्यात सांगायच्या, त्याच तोऱ्यात त्यांनी हे सांगितलं. 

"आन् मग हे विमान?" कुसाबाईने गोंधळून बोट दाखवलं.

"ते शेठचं हाय. शेठ बघून घेईल."

सुलाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या जिभेवर काय आलं असेल ते आलं असेल, पण तिने ते गिळलं. वाकून पसरलेल्या मिरच्या सारख्या करता करता तिने एवढंच विचारलं, "भाऊबीजेला तरी येतोय ना?"

"येतोय. लाल डब्यानं. स्टँडवर मी जाणार हाय न्यायला." लताबाईंचे डोळे पुन्हा भरून आले, पण आता त्या हसत होत्या. "तुझ्याच दारावरून आणते त्याला, सुलाबाई. नीट बघून घे."